साडूभाऊंचा वेगळा विभाग

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. परभणीत एका सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. पण आपण निवृत्त झालो हे लक्षात यायला त्यांना सवडच मिळालेली नाही. जिल्ह्यात कुठंही पिस्तूल नेमबाजीची स्पर्धा असली की साधनं तपासायच्या टेबलामागे भाऊच बसतात. पिस्तूल हवेच्या दाबावर चालणारं, लक्ष्य दहा मीटरवर. पण गोळी सुटायच्या आधी ते पिस्तूल भाऊंच्या हातून सुटावं लागतं, आणि तेच जास्त अवघड आहे. वजन दीड किलोच्या वर नको. ठरलेल्या मापाच्या खोक्यात ते मावलं पाहिजे. ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलायचं. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला की नापास. बूट घोट्याच्या वर नको. आणि ज्या हाताने नेम धरायचा त्याचं मनगट उघडं हवं. घड्याळ, कडं, पट्टा, काहीही नको, कारण मनगटाला आधार मिळता कामा नये. यानंतर वयाचे विभाग येतात. हे सगळं मला खेळ कळतो म्हणून येत नाही. भाऊंच्या शेजारी पंगतीत बसलेल्या कुणालाही ते पाठ होतं.

स्पर्धा वर्षातून एखाददुसरी, पण भाऊंचं विभाग पाडणं बारमाही. माझ्या मुलाला चुलतभावापेक्षा कमी गुण पडले तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. भाऊ आले, दोघांची बोर्डं विचारली, आणि "विभाग वेगळे. तुलना बाद," म्हणून चहा मागवला. तेव्हा ते मला देवासारखे वाटले. पण एकदा माझ्या बायकोने, "दाजी, खरं सांगा, पुरणपोळी माझी चांगली का आक्काची?" असं विचारलं, तेव्हाही ते, "तुझी तव्यावरची, तिची मातीच्या खापरावरची. विभाग वेगळे," असंच म्हणाले. तेव्हा मला कळलं की हा माणूस देव नाही, मुरलेला नवरा आहे.

अर्ध्या किलोचं ते वजन त्यांच्या पिशवीत कायम असतं. सोनपेठच्या आठवडी बाजारात त्यांनी एका भाजीवालीच्या काट्यावर ते ठेवून पाहिलं. काट्याने चारशे नव्वद दाखवले.

"मामा, वांगे घ्यायलाव का माजी तपासणी करायलाव?" ती म्हणाली.

"तुमचा काटा दहा ग्रॅम कमी दाखवायलाय. म्हणजे तुमी आमाला जास्त माल द्यायलाव," असं म्हणून भाऊंनी आमच्या पिशवीतलं एक वांगं काढून तिच्या ढिगावर ठेवलं. भाजीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. आक्कांनी मात्र बघणंही सोडलं. परतीच्या एसटीत त्या माझ्या बायकोशेजारी बसल्या आणि घरी पोचेपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

टेबलामागचे भाऊ याहून कडक. एकदा पोखर्णीकडची एक मुलगी आली. उजव्या मनगटात नरसिंहाचा दोरा. भाऊंनी कात्री पुढे केली.

"साहेब, देवाचा दोरा हाय," मुलीचे वडील म्हणाले. "त्याचं वजन असून असून किती असंल?"

"वजनाचा प्रश्न न्हाई. मनगटाला आधार मिळतो."

"मंग? आधारासाठीच तर बांधलाय!"

रांगेतले सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली, दोरा तिच्या डाव्या मनगटात बांधला आणि म्हणाले, "देवाला चालतं. मला उजवा चालत न्हाई."

अशा माणसाला आयुष्यात हवं तरी काय असणार? मला वाटायचं, आणखी एखादा नियम. पण त्यांना नेम धरायचा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांची पिस्तुलं तपासून त्यांनी स्वतः एकाही स्पर्धेत गोळी झाडली नव्हती. "टेबलामागं बसणारा टेबलापुढं कसा येईल?" असं म्हणत वर्षं गेली. साठी उलटून चार वर्षं झाली आणि त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या बशीत, मग सहीत. डॉक्टरांनी मनगटाला पट्टी बांधायला सांगितली. तेव्हा कुठं भाऊंनी जिल्हा स्पर्धेत ज्येष्ठांच्या विभागात नाव दिलं. हा विभाग साठीच्या पुढचा. जिल्ह्यातून त्यात दुसरं नाव नव्हतं.

त्या दिवशी टेबलामागे कदम मॅडम होत्या. या एका शाळेत खेळ शिकवतात आणि तपासणीचं काम भाऊंकडेच शिकल्या. भाऊ रांगेत उभे राहिले, पुढं बोलावलं तरी गेले नाहीत. मे महिना होता, हॉलमधले पंखे गरम वारा ढकलत होते, आणि भाऊंनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दोन्ही मनगटांची बटणं लावली होती. पट्टी आत होती हे मला माहीत होतं.

पिस्तूल वजनात बसलं, खोक्यात मावलं, ट्रिगरने अर्धा किलो उचलला. कदम मॅडमनी पिस्तुलावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. मग म्हणाल्या, "सर, बाही वर घ्या."

"थंडी वाजायलीय, मॅडम."

"मे महिन्यात?"

मागचा एक जण म्हणाला, "जाऊ द्या की मॅडम, सरच हायेत."

"सरांनीच शिकवलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता, पण हात पुढेच होता.

भाऊंनी बटण काढलं, बाही वर केली, आणि पट्टी उलगडून मला दिली. नंतर ते सगळ्यांना सांगत होते की त्यांनी मॅडमची परीक्षा घेतली, आणि मॅडम पास झाल्या. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण पट्टी माझ्या हातात होती. वर एक, तिच्या आत आणखी एक, आणि दोन्ही पिनांनी पक्क्या केलेल्या. नुसत्या परीक्षेसाठी कुणी एवढी तयारी करत नाही.

उघड्या मनगटाने भाऊ रेषेवर उभे राहिले. हात वर जायचा, थरथरायचा, ते तो खाली घ्यायचे. पुन्हा वर, पुन्हा खाली. चाळीस गोळ्यांचा सामना होता. वेळ संपला तेव्हा बावीसच सुटल्या होत्या, आणि त्यांतल्या काही लक्ष्याच्या कागदालाही लागल्या नव्हत्या. मी एकंदर गुण मोजले. इथं लिहीत नाही.

तरी एकटेच स्पर्धक म्हणून आयोजकांनी सुवर्णपदक पुकारलं. भाऊंनी ते परत केलं. विभागात तीन तरी जण असल्याशिवाय पदक नाही, हा नियम त्यांनीच लावून घेतलेला.

"घ्या हो सर, कोण बघायलंय?" आयोजक म्हणाले.

"मी बघायलोय की."

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. भाऊंनी पेला डाव्या हातात धरला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "भाऊ, पुढच्या वर्षी माझं नाव घाला. आणखी एखादा बघू. तीन झाले की विभाग पुरा."

त्यांचे डोळे एकदम उजळले. मग सवयीने त्यांनी विचारलं, "वय?"

"एक्कावन्न."

"मग न्हाई बसत, पाव्हणे. साठ पुरे लागतात."

"नऊ वर्षांनी येतो."

पेला ठेवून त्यांनी माझ्याकडची पट्टी मागून घेतली आणि डाव्या हाताने उजव्या मनगटाला गुंडाळायला लागले. टोक निसटत होतं. मी ते बोटाने दाबून धरलं, तेव्हा आतली थरथर माझ्या बोटाला लागली.

"नऊ वर्षं लय झाले हो, पाव्हणे," भाऊ म्हणाले.

मी टोक तसंच धरून ठेवलं.