तेल घातलेला कॅमेरा

कसबा बावड्यात जोतीराम उलप्याला जोतीराम म्हणून हाक मारणारं माणूस शोधावं लागलं असतं. सगळे त्याला तेलवाला म्हणायचे. साखर कारखान्यात बावीस वर्षं त्याचं एकच काम होतं. हातात लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन मिलमध्ये फिरायचं, आणि कुठल्या बेअरिंगला तहान लागलीय ते ओळखायचं, तेही कानानं. बाकीच्यांना जिथं नुसता कल्लोळ ऐकू यायचा, तिथं हा थांबायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "तीन नंबर कोरडं पडलंय." बघावं तर ते पडलेलंच असायचं. अशा माणसाला यंत्रातलं कळत नाही असं कोण म्हणेल? कुणी म्हटलंही नाही, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं चालती सायकल विकली आणि जुना कॅमेरा घ्यायचं ठरवलं. गल्ली हसली. "तेलवाला आता फोटूवाला झाला," म्हणाली. हसू दे. हसणाऱ्यांच्या घरी त्यांच्या आयांचे फोटो भिंतीवर होते. जोतीरामच्या भिंतीवर बापाचा एकट्याचा होता. कारखान्याच्या पाससाठी काढलेला, मागनं मोठा करून घेतलेला. तो काढला आणि महिन्याभरात बाप तापानं गेला. जोतीरामची आई विठाबाई हिनं या दोन गोष्टींची जी गाठ मारली ती काही केल्या सुटेना.

"फोटूनं न्हेला त्येला," ती म्हणायची. "आयुक्ष वडून घेती ती काच."

तिला सत्तरी लागली. जिना चढताना धाप लागायला लागली. जोतीरामच्या जिवाला घोर लागला, की ही अशीच एक दिवस जाईल आणि मागं तोंड म्हणून काही राहणार नाही. त्यानं स्टुडिओचं नाव काढलं तर म्हातारी उसळली. "परक्या बाप्यापुढं तोंड करून बसाय मी काय तमाशातली हाय व्हय रं?" मग वर्षभर तेच. हा मागं लागायचा, ती झटकून टाकायची. शेवटी एक दिवस वैतागून ती म्हणाली, "तुज्या हातानं काडनार असशील तर बसतो. एकडाव. फुडं नाव काडायचं न्हाई."

तिला वाटलं, सुटले. याच्याकडं कुठला आलाय कॅमेरा! पण जोतीरामनं तो शब्द उपरण्याच्या गाठीत बांधून ठेवावा तसा ठेवला.

कॅमेरा मिळाला मंगळवार पेठेत. तात्या म्हणून एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून विकत होते. जर्मन बनावटीचा, घडीचा. बटण दाबलं की पुढचं झाकण पडायचं आणि काळा भाता पसरून भिंग पुढं यायचं. तात्या सरळ माणूस. काही लपवलं नाही.

"उलपे, घ्या, पण ऐकून घ्या. हाही माझ्यासारखा म्हातारा आहे. भात्याला कुठंतरी भोक असणार. आणि गारठा पडला की शटर अडतं. अडलं तर दोन्ही हातांत धरून ऊब द्यायची, आपोआप चालतं. दुसरं काही करायला जाऊ नका."

जोतीरामनं मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

पहिला रोल त्यानं बैल, आड, बायको, शेजारचं पोर यांच्यावर संपवला आणि महाद्वार रोडला नृसिंहच्या स्टुडिओत दिला. नृसिंह पन्नाशीचा, फोटोही धुवायचा आणि त्यावर ब्रश फिरवून तसबिरीही करायचा. सगळ्या फोटोंवरनं पांढरे पट्टे गेलेले निघाले. भात्याची भोकं. जोतीरामनं अंधाऱ्या खोलीत भात्यात बॅटरी घालून तीन भोकं हुडकली आणि पंक्चरच्या सोल्युशनमध्ये काजळी कालवून बुजवली. झकास काम. दुसऱ्या रोलला पट्टे गेले, पण सगळी माणसं धुक्यात उभी राहिल्यासारखी आली. नृसिंहनं कॅमेरा उलटसुलट करून बघितला आणि हसला.

"पावणं, हे अंतराचे आकडे मीटरचे आहेत. तुम्ही फूट धरून चाललाय की!"

जोतीरामनं दोन मीटरची सुतळी कापून आणली. तिसरा रोल आला तो आरशासारखा. बायको शालूबाईचा फोटो असा, की पापण्या मोजून घ्याव्यात. ती बघून म्हणाली, "अगं बया, मी एवढी काळी हाय?" जोतीरामला आनंदानं काही सुचेना. तो बावड्यापर्यंत चालत आला ते जमिनीवरनं आला का नाही कुणास ठाऊक.

विठाबाईनं दिवस ठरवला दसऱ्याचा. नवं इरकली लुगडं त्याच दिवशी नेसायचं होतं.

खंडेनवमीला आपल्याकडं काय करतात हे सांगायला नको. ज्यावर पोट चालतं ती हत्यारं घासायची, पुसायची, तेल द्यायचं, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी कोरडं हत्यार पाटावर ठेवणं म्हणजे देवापुढं उपाशी माणूस बसवणं. जोतीरामनं विळा मांडला, कुऱ्हाड मांडली, नट पिळायचे पाने मांडले, आपली बुधली मांडली आणि शेवटी कॅमेरा. मांडायच्या आधी सवयीनं बटण दाबून बघितलं. सकाळचा गारठा होता. शटर अडलं.

तात्यांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण बावीस वर्षं ज्यानं अख्ख्या मिलची अडणूक तेलाच्या थेंबानं सोडवली, तो हातात धरून ऊब देतोय? "कोंबडीचं पिल्लू हाय व्हय हे?" तो शालूबाईला म्हणाला. "यंतर म्हंजे यंतर. अडलं म्हंजे तेल मागतंय." आणि गडी हलगर्जी नव्हता हो! मिलचं जाड तेल नाही वापरलं त्यानं. शेजारच्या शिलाई मशीनचं पातळ तेल मागून आणलं, काडीच्या टोकानं एक थेंब सोडला. मग सणाचा म्हणून आणखी एक. बटण दाबलं. टक्. लोण्यातनं सुरी जावी तसं. दहादा दाबलं, दहादा टक्. त्यानं कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तशी विठाबाई नवं लुगडं नेसून पाटावर बसली. पदर डोक्यावरनं घेतला, हात गुडघ्यांवर ठेवले. सुतळी धरून जोतीरामनं अंतर घेतलं.

"हसू का नगं?" तिनं विचारलं.

"हाईस तशी बस."

ती बसली. सत्तर वर्षांत त्या बाईनं कुणाला एवढा वेळ आपल्या तोंडाकडं बघू दिलं नसेल. जोतीरामनं श्वास धरला आणि बटण दाबलं. आवाज झाला, पण कालच्यापेक्षा जरा ओला, जरा दबका. त्याच्या कानाला तो कळला, कळणारच. त्याला वाटलं, तेल मुरलं. आणि तो खूश झाला.

"झालं?"

"झालं आई."

"मग मी आता मराय मोकळी," म्हातारी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

रोल बारा फोटोंचा. एक झाला, अकरा उरले. अकरा फोटो उरलेले असताना रोल धुवायला देणारा माणूस बावड्यात जन्माला यायचाय. पुढं गळीत हंगाम सुरू झाला, पाळ्या लागल्या. एखादं वासरू, एखादं लग्न असं करत पौषापर्यंत सहा-सात फोटो झाले. म्हातारी अधनंमधनं विचारायची, "आला का रं माजा फोटू?" हा म्हणायचा, "रोल संपू दे की."

पौषात एका सकाळी चूल पेटवता पेटवता विठाबाईला धाप लागली आणि तासाभरात ती गेली.

शेजारचे हंबीरराव जाणते. त्यांनी परस्पर निरोप धाडून नृसिंहला बोलावलं. ज्याचा फोटो कधी काढलेला नसतो त्या माणसाला शेवटचं भिंतीला टेकून बसवतात, घरचे भोवती बसतात, आणि फोटो घेतात. तेवढी तरी खूण राहते. नृसिंह स्कूटरवर कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधून आला. जोतीराम दारात आडवा उभा राहिला.

"नगं," तो म्हणाला. "माज्याकडं आईचा जित्ता फोटू हाय. दसऱ्याचा. नव्या लुगड्यातला. मेलेलं त्वांड कशाला जपायचं?"

चारचौघांना ते पटलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावला, म्हणाल्या, लेक असावा तर असा. नृसिंहनं तिकाटणं परत बांधलं. विठाबाईला पंचगंगेवर नेलं.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून जोतीराम तसाच महाद्वार रोडला गेला. रोल दिला आणि बाकड्यावर बसून राहिला. नृसिंह आतल्या खोलीतनं ओली पट्टी चिमट्यात धरून बाहेर आला. पट्टी उजेडापुढं धरली. ज्या ज्या फोटोचं बटण दाबलं होतं, तो तो काळाकुट्ट. तव्याच्या बुडासारखा.

नृसिंहनं कॅमेरा मागितला, भाता पसरला आणि पुढनं भिंगात बघितलं. पुढनं! तीन महिन्यांत जोतीरामनं एकदाही पुढनं बघितलं नव्हतं. शटरची पाती उघडी होती. नृसिंहनं त्यांवर काडी फिरवली आणि काडी बोटांत चोळली.

"तेल कुणी घातलं?"

"मी."

"ह्याला तेल चालत नाही हो. रात्रीतनं पात्यांवर उतरतं, मग पाती चिकटतात. उघडलं ते मिटलंच नाही. सगळा उजेड आत गेला, फिल्म जळून काळी झाली." आणि मग, फार हळू, "परवा मी दारात आलो होतो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जोतीरामला तिथं रडू आलं नाही. लाज वाटली, इतकी की बाकड्यावरनं उठवेना. गावानं ज्याच्या हाताला मान दिला, त्याच हातानं आईचं तोंड पुसून टाकलं होतं.

दहाव्याच्या आधी तसबीर तर पाहिजे. नृसिंह म्हणाला, तुम्ही सांगा, मी काढतो. वही पेन्सिल घेऊन तो बावड्याला आला.

"नाक कसं होतं?"

"कसं म्हंजे? आईचं असतंय तसं."

"लांब? बसकं?"

जोतीरामनं शालूबाईकडं बघितलं. ती म्हणाली, लांब नव्हतं. मग म्हणाली, पण तसं बसकंही नव्हतं. बेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं नाक या माणसाला सांगता येईना. डोळे विचारले, "मायाळू" म्हणाला. आता मायाळू डोळे पेन्सिलीनं कसे काढायचे? नृसिंह बिचारा काढत गेला, खोडत गेला. अखेर चौकटीत एक बाई आली. गोरीशी, सरळ नाकाची, भरल्या गालांची, कानांत मोत्याच्या कुड्या. विठाबाईच्या कानाला मोती कधी लागला नव्हता.

"ही आई न्हवं," जोतीराम म्हणाला. पण पावणेरावळे दारात आले होते. तसबीर बापाशेजारी टांगली, हार घातला.

कॅमेरा त्यानं परत हातात धरला नाही. पहिली दोन-तीन वर्षं तो तसबिरीकडं बघायचंच टाळायचा. मग पितृपंधरवड्याला हार घालताना बघावं लागलं. मग सूनबाई आली, तिनं येताजाता नमस्कार करायला सुरुवात केली. नातवंडं झाली, ती बोट दाखवून "पणजीआई" म्हणायला शिकली. दहा वर्षं गेली.

पंच्याऐंशी साली कुरुंदवाडची बायडाबाई आली. विठाबाईची पाठची बहीण, आता तीच एकटी उरलेली. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षांत बाहेर पडली नव्हती. चहा झाला. तिनं भिंतीकडं बघितलं.

"जोत्या, ही कोन रं बाई?"

"कोन म्हंजे? आई की मावशे."

"ही आक्का?" बायडाबाई काठी टेकत जवळ गेली. "ही कुटली आक्का? आक्काचं नाक असं न्हवतं."

"असंच हुतं," जोतीराम म्हणाला. आवाज चढला होता. "तुला आता आटवत न्हाई मावशे. वय झालं तुजं. मी रोज बगतोय."

शालूबाई दारात आली आणि नवऱ्याकडं बघत राहिली. बायडाबाई भिंतीकडं पाठ करून बसली आणि आपल्याशीच सांगितल्यासारखं सांगू लागली. आक्काचं नाक बसकं हुतं, ह्या तुज्या नातीचं, गंगीचं हाय तसं. वरचा एक दात फुडं हुता, म्हनून हसताना त्वांडावर हात धरायची. भुवईत फोडनीचा डाग हुता.

जोतीरामनं डोळे मिटले. बसकं नाक लावून बघितलं, दात लावून बघितला. पुढं येत होती ती मोत्याच्या कुड्यांची बाईच. त्यानं डोळे उघडले आणि मावशी सांगत होती ते ऐकत राहिला, कधी न बघितलेल्या कुणा बाईबद्दल ऐकावं तसं.