मेलेला सेल

पंखे दुरुस्त करणारी बसलिंगव्वा फुटक्या सीएफएल दिव्यातल्या चुंबकी कडीवर तार गुंडाळून, ट्रान्झिस्टर जोडून मेलेल्या, फेकलेल्या सेलवर एलईडी पेटवायची. पंचायतीत तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांना ते पटलं, तर बायकांना शिकवायला तिला खोली मिळणार होती.

तिनं एलईडी पेटवून दाखवला, तसे पाहुणे हसले. "नव्या सेलवर दिवा कुणाचाही लागंल, अव्वा!"

तिनं पाहिलं, तर सेल नवाकोरा, वर कुंकू लावलेलं. पंचायतीत शिपाई असलेल्या दिरानं, गुरशिद्दप्पानं, कार्यक्रमाआधी पूजा मांडताना तो बदलला होता.

"पूजेच्या पाटावर मेलेली वस्तू चालत न्हाई, वैनी."

"मुडद्या, तो मेलाय हेच तर दाखवायचं हुतं!"

तरातरा जाऊन तिनं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल जोडला. एलईडी लख्ख पेटला. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"आता लाव कुंकू!" ती दिरावर कडाडली. "आन् खोलीची किल्ली आण!"