पिशवी आधी की पत्ता?

आमच्या शिंपीकाकांकडे कपडे टाकणं सोपं, परत मिळवणं महाकठीण. काका काउंटरवर पिशवी दाबून धरत आणि विचारत, दुकान कुठल्या रस्त्यावर आहे? गिऱ्हाईक सवयीनं म्हणे, उकिरडा गल्लीत. झालं. पिशवी परत फळीवर.

कारण तीन वर्षांपासून गल्लीला काकांच्या मुलीचं नाव होतं. सतराव्या वर्षी ती कोपऱ्यावर बटणं आणायला गेली. तिथे दोघांची बाचाबाची चालली होती, एकाने पिस्तूल काढलं आणि गोळी हिला लागली. अख्खी गल्ली रडली, सह्या गोळा झाल्या, नगरपालिकेने पाटी लावली. मग जो तो आपापल्या कामाला लागला. खरा उकिरडा हलवून वीस वर्षं झाली होती, पण मेला लोकांच्या जिभेवरून हलेना.

माझी पँट त्यांनी ऐन मुलाखतीच्या सकाळी अडकवली. मी तावातावाने भांडलो. मुलीचं नाव आडनावासकट तीनदा म्हटलं, तेव्हा कुठे सुटका झाली. नोकरी मिळाली नाही, पण पत्ता मात्र साहेबांना खणखणीत सांगून आलो.

नंतर मी काकांना म्हटलं, अहो, गिऱ्हाइकं तुटतील अशानं. काकांनी आत काजं करत बसलेल्या काकूंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घरात नाव काढलं की हिला रडू येतं रे. मग मी ऐकायचं कुठे?"

त्यानंतर मी पत्त्यावरून वाद घातला नाही.

परवा एक अनोळखी बाई बहिणीचा झगा न्यायला आल्या. न विचारताच रस्त्याचं पूर्ण नाव घेऊन म्हणाल्या, हेच ना ते दुकान? काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी स्टूल पुसून दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही.

"कोण होती ती, माहितीये?"

"असेल कुणी मोठी बाई," त्या शिवण तपासत म्हणाल्या. "वय होऊन गेली असेल."

मी डोळे मिटले. आता झगा फळीवर जाणार. काका कुणाची चूक कधी सोडत नाहीत.

पण आतून काकूंनी दोरा तोडला. "हो," त्या म्हणाल्या, "नव्वदीची होऊन गेली."

काका काउंटर धरून उभे राहिले. मग त्यांनी झगा नीट घडी घालून पिशवीत भरला आणि पिशवी बाईंच्या हातात दिली.

"शेवटी शेवटी तर ऐकूही कमी यायचं तिला," काका म्हणाले.