मामा आणि त्यांचं फोर्थविथ

इंग्रज गेले तेव्हा जाताना त्यांनी ‘फोर्थविथ’ हा शब्द माझ्या बायकोच्या मामांच्या ताब्यात देऊन पावती घेतली होती, असं माझं ठाम मत आहे. मामा खालापूरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि राहायला कर्जतला. हुकमांच्या कागदांवरचा हा शब्द त्यांनी घरी आणला आणि लाडावून ठेवला. अर्थ विचारला की ते आधी चष्मा काढत. “लगेच म्हणजे चहा पिऊन. ताबडतोब म्हणजे चहा तसाच टाकून. आणि फोर्थविथ म्हणजे चहा मागायचाच नाही!” शिवाय हा शब्द दुसऱ्याला काम सांगतानाच वापरायचा, असा त्यांचा खास दंडक. त्यामुळे भाजीवालीनं कोथिंबीर फोर्थविथ द्यायची, न्हाव्यानं वस्तरा फोर्थविथ काढायचा. पण दळणाचा डबा मात्र दोन-दोन दिवस मामांची वाट बघत दारात. मामी म्हणायच्या, “अहो, तुमचं ते फोर्थविथ कुठं गेलं?” मामा शांतपणे म्हणत, “दळण हा सरकारी विषय नाही.” हळूहळू सगळ्या बाजारपेठेच्या तोंडी तो शब्द बसला.

पुढे त्यांची एकुलती एक सुमन खालापुरातच दिली. लग्न कर्जतला लागलं, पाठवणीची वेळ झाली. रुखवताचा टेंपो पुढे आणि नवरा-नवरीची टॅक्सी मागे, हे मामांनीच ठरवलेलं. टेंपो भरला, दोर आवळला, तोच मामा म्हणाले, “सोडा. घंगाळ वर हवं.” घंगाळ वर आलं, दोर पुन्हा आवळला, तर शोभेची बाहुली पाठमोरी बसली म्हणून पुन्हा सोडायला लावला. मग फराळाचे डबे हलवले, मग समया. व्याही घड्याळ बघून दमले. टेंपोवाला घामाघूम होऊन ओरडला, “काका, आता कंचं काढू? निघायचं हाय का नाय? एरवी आमच्या मागं फोर्थविथ फोर्थविथ करता, आन् आज तुमीच!”

“आज कचेरीला सुट्टी आहे रं,” मामा म्हणाले. टॅक्सीत रडणारी सुमन ते ऐकून हसली आणि मग जास्तच रडायला लागली. मामी पुढे झाल्या. “अहो, जाऊ द्या तिला. खालापूर काय विलायतेत आहे?” शेवटची गाठ मामांनी स्वतः मारली. ती त्यांना बराच वेळ जमेना, आणि कुणी घाई केली नाही.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर आम्ही घरात आलो, तर मामा दाराआडून रुखवतातला शिसवी पाट काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

“बघा, हा राहूनच गेला,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “उद्या नेऊन द्यावा लागणार. इलाज नाही.”

तो पाट तिथं कुणी ठेवला असेल, हे मामी नक्की ओळखून असणार. त्या आत गेल्या आणि उद्यासाठी मामांचा इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावून आल्या.