दामूअण्णांचा दुसरा आवाज

मधली सुट्टी संपून वर्ग नुकते भरले होते. शिपाई दारात येऊन हळूच म्हणाला, "सर, तुमच्या कॉलनीतून निरोप आलाय. दामूअण्णा गेले." अपेक्षित असूनही हातातला खडू ठेवायला मला जागा सापडेना. संध्याकाळी अंत्ययात्रा निघाली, तेव्हा गर्दीत चार-पाच माणसं अशी होती, की ज्यांच्या गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं होतं. एक घोटीचा, एक निफाडकडचा… ही कोण, हे दामूअण्णांच्या बऱ्याच पाहुण्यांना कळत नव्हतं. त्याला आता महिना उलटून गेला. ती माणसं कोण होती हे सांगायचं, तर दामूअण्णांच्या आवाजापासून सुरुवात करावी लागेल.

दामोदर गांगुर्डे बसस्टँडवर नियंत्रक होते. सुटणाऱ्या गाड्या माइकवर पुकारायचं काम त्यांचं. आवाज असा, की सिन्नरची गाडी त्यांनी पुकारली की रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसलेला माणूस ग्लास टाकून पळत सुटे. चौदा एप्रिलला आमच्या कॉलनीत भाषण त्यांचंच. पण त्यांचं खरं व्यासपीठ म्हणजे स्टँडमागची युसूफभाईंची चहाची टपरी. ड्यूटी संपली की तिथे पेपर उघडायचा आणि पहिल्या पानापासून वाद घालायचा. आणीबाणीत सगळी टपरी मान खाली घालून चहा प्यायची, तेव्हासुद्धा दामूअण्णा आवाज खाली आणून का होईना, बोलत राहिले. मी शेजारी राहणारा, शाळामास्तर. माझं आणि त्यांचं फारसं कधी पटलं नाही, म्हणूनच कदाचित मैत्री टिकली.

आवाज बसला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. पुढे घास अडकायला लागला, तेव्हा मुंबईला नेलं. गळ्याचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी, कौसल्यावहिनी, पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. दामूअण्णा घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "सर, मोठा मुलगा दहावीला आहे. मला जगायचंय. काढू दे त्यांना." मी त्यांच्या जुन्या आवाजात ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

परत आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. श्वास तिथूनच. चहा फुंकून पिता येईना. बशीत ओतून निवायची वाट पाहायची. वास कळेना. बोलायला पाटी आणि पेन्सिल. स्टँडवर त्यांना पार्सलच्या खोलीत टेबल मिळालं. पण सगळ्यात अवघड झालं ते टपरीवर. ते पाटीवर काही लिहीत आणि आम्ही सगळे माना डोलवत असू. "बरोबर आहे अण्णा, अगदी बरोबर." ज्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला पूर्वी दोघे-तिघे आडवे जायचे, त्याच्याशी आता कोणी भांडेना. ते पाटी पुसत आणि लवकर उठून जात. पुढे पुढे येईनातच.

हे ओळखलं ते युसूफभाईंनी. कांद्याच्या भावावरून तेव्हा निवडणूक तापली होती. दामूअण्णांचे भाऊ गावाकडे कांदाच पिकवायचे. युसूफभाई एका सकाळी त्यांना घरून जवळजवळ ओढतच घेऊन आले आणि चहा गाळता गाळता म्हणाले, "कांदा महागला म्हणजे सगळा पैसा शेतकऱ्याच्या खिशात. मजा आहे त्यांची, काय अण्णा?" दामूअण्णा ताठ झाले. आडत, हमाली, सडलेला माल… पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. युसूफभाई एकेक मुद्दा खोडत होते. शेवटी पेन्सिल मोडली. दामूअण्णांनी उरलेला तुकडा उचलला आणि लिहिलं, 'उद्या येतो. तयारीनं बसा.' त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

मुंबईच्या इस्पितळात त्यांना एक जुने रुग्ण भेटले होते, स्वरयंत्राशिवाय बोलणारे. हवा गिळायची, अन्ननलिकेतून ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा, असं त्यांनी शिकवलं होतं. दामूअण्णांनी ते सोडून दिलं होतं. आता पुन्हा धरलं. रोज सकाळी गच्चीवर ढेकर सुरू. कॉलनीतली पोरं हसायची, वहिनी लाजून खिडक्या लावून घ्यायच्या. कितीतरी महिने नुसता आवाज, शब्द नाही. मग एकदा मी दाढी करत होतो. ते दारात येऊन उभे राहिले, हवा गिळली, आणि खरखरीत, जाड, अनोळखी आवाजात म्हणाले, "सर… कांदा." आम्ही दोघंही हसलो. मग ते रडले. मीही.

हळूहळू वाक्यं जमली. असंच गळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना कुणी ना कुणी दामूअण्णांचा पत्ता द्यायचं, आणि रविवारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत ती जमायला लागली. घोटीचा किसन आला तेव्हा मी तिथे होतो. भाताची शेती, दांडगा गडी, पण नजर वर करत नव्हता. त्याची बायको म्हणाली, "कोणाकडं बघत नाय. लय दिस झालं, भाकर पण टाकून देतो." दामूअण्णांनी गळ्याचं फडकं बाजूला केलं. "माझी पण… नळी… काढली. बोलतोय ना?" किसनने हात पुढे केला आणि त्यांच्या गळ्याला बोटं लावून पाहिली. पुढच्या रविवारी तो एकटाच आला.

तिथे नियम एकच. तब्येतीची चौकशी नंतर, आधी पेपर. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आजार… माझा एकट्याचा. बातमी… सगळ्यांची."

सात-आठ वर्षं अशी गेली. मुलगा शिकून नोकरीला लागला. मग दुखणं उलटलं, छातीत उतरलं. दामूअण्णांना कळलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही, कुरवाळलंही नाही. शेवटी भेटलो तेव्हा मी अग्रलेख वाचून दाखवला. दुष्काळावर होता. डोळे मिटून ऐकला आणि पुटपुटले, "पटत नाही… उद्या बोलू." तो उद्या आला नाही, पण उद्याची तयारी ठेवूनच ते गेले, असं मला वाटतं.

वहिनींनी ती बाहेरची खोली बंद केली नाही. आता शिकवायला किसन बसतो. परवाच्या रविवारी सिन्नरहून एक बाई आल्या होत्या, नवऱ्याबरोबर. बरेच दिवस येत होत्या, शब्द फुटत नव्हता. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला. बाईंनी बशीतून घोट घेतला, थांबल्या, हवा गिळली, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, "साखर… जास्त."

नवरा ओशाळला. "अगं, असं म्हणतात का?"

"म्हणू द्या हो त्यांना," वहिनी म्हणाल्या, आणि बाईंच्या पुढ्यात येऊन बसल्या. "पुन्हा म्हणा."

बाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी जास्त स्पष्ट.