एल्फित्रीने यंत्र बंद ठेवलं तो दिवस

पादांगच्या विद्यापीठात आम्ही भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा निम्मा वर्ग दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून आलेला होता. मीही त्यातलीच. एल्फित्री मात्र हट्टाने आली होती. तिची आई बंदराच्या रस्त्यावर भाताची खाणावळ चालवायची, पण घरात शेवटचा शब्द मामांचा. आमच्या मिनांग लोकांत तसंच असतं. मार्लिसमामा डोंगरावर दालचिनी पिकवायचे.

"नर्स हो, बँकेत जा," मामा म्हणाले होते. "फिजिक्स शिकून काय विजेचे खांब मोजणार आहेस?"

"मोजीन की. कुणीतरी मोजायलाच हवेत ना, मामा?"

मामांना ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

पदवीनंतर मी भूकंप नोंदवणाऱ्या कचेरीत लागले. आमच्या किनाऱ्यावर त्या कामाला कधी तोटा नाही. वर्गातला हेन्द्री बँकेत गेला, बरेच जण शाळांतून शिकवू लागले. एल्फित्री आईच्या खाणावळीत ताटं वाढत राहिली. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय शास्त्रज्ञबाई, हे रेंदांगचं मांस कुठल्या नियमाने शिजतं?" ती म्हणायची, "गप्प बसून." पण रात्री माझ्याकडे येऊन ती रडल्याचंही मला आठवतं.

मग तिला कळलं, की कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणाऱ्या यंत्रामागे भौतिकशास्त्र शिकलेलं माणूस लागतं. डॉक्टर ठरवतात किरण कुठे आणि किती द्यायचे. यंत्रातून खरोखर तेवढेच बाहेर पडतात का, हे पाहायचं काम या माणसाचं. ती जाकार्ताला जाऊन ते शिकून आली आणि पादांगच्याच एका इस्पितळात लागली.

काही वर्षांनी मामांच्या घशात गाठ निघाली. उपचार तिथेच सुरू झाले. भाचीच्या यंत्राखाली झोपायला मामांना अवघडल्यासारखं व्हायचं. आत जाताना ते तिच्याकडे बघायचेही नाहीत.

एका सकाळी एल्फित्रीने रोजची मोजणी केली, तर किरण पाच टक्के कमी भरले. तिने पुन्हा मोजलं. तेच. बाहेर बाकांवर माणसं बसली होती, काही जण रात्रभर बसने आलेली. मामाही त्यांत होते.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं, "थोडं वाढवून घ्या की. आकडा जुळला की सुरू करा."

डॉक्टर यस्मर घाईत आले. "वाढवता येतं ना? मग वाढवा. या लोकांचा उपचार मध्येच तुटणं बरं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, डॉक्टर. पण यंत्र कमी देतंय की माझं मोजायचं उपकरण कमी दाखवतंय, हेच कळत नाहीये. उपकरण चुकत असेल आणि मी यंत्र वाढवलं, तर सगळ्यांना जास्त किरण मिळतील."

"दुसरं उपकरण?"

"तपासणीला जाकार्ताला गेलंय. पकनबारूच्या इस्पितळाकडे मागितलंय. उद्या येईल."

डॉक्टरांनी दारातून बाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाहेर तुम्हीच सांगा."

तिने सांगितलं. एक बाई चिडून ओरडली, एक म्हातारा मुकाट्याने चपला घालू लागला. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी इतक्या लांबून येतो, आणि तू परत पाठवतेस?"

"हो मामा. आज नाही."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. जेवली नाही. "यंत्र ठीक निघालं तर?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.

आणि यंत्र ठीकच निघालं. दुसऱ्या दिवशी पकनबारूचं उपकरण लावलं, तर किरण बरोबर भरले. तिच्याच उपकरणाच्या जोडणीत ओल शिरली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे. "म्हणजे काल वाढवलं असतं तर..." त्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि रुग्णांना आत घ्यायला सांगितलं.

मामांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिला थांबवलं.

"यंत्राला काही झालंच नव्हतं म्हणे?"

"नव्हतं."

"मग काल सांगायचं नाही का?"

"काल मला माहीत नव्हतं, मामा."

घसा दुखत होता, तरी मामा हसले. "एवढं शिकलीस आणि चारचौघांत सांगतेस, माहीत नाही म्हणून!" मग तिच्या खांद्याला धरून ते आत गेले.

मामांचे उपचार पुरे झाले. आवाज बसका राहिला, पण आता भात नीट गिळतात आणि बागेत जातात. इस्पितळाने एल्फित्रीच्या हाताखाली आमच्याच विद्यापीठातली एक मुलगी घेतली आहे. पहिला महिनाभर एल्फित्रीने तिला फक्त मोजायला लावलं. त्या मुलीने माझ्याकडे कंटाळल्याची तक्रार केली. मी तिला एल्फित्रीच्या आईच्या खाणावळीत जेवायला घेऊन गेले आणि यंत्र बंद ठेवलं त्या दिवसाची ही गोष्ट सांगितली.