रिकाम्या वर्गातली माहेनूर

धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला योगराज रुजू झाला, तेव्हा वर्ग कसा असतो याचं एक पक्कं चित्र त्याच्या डोक्यात होतं. भरलेले बाक, मागच्या रांगेतली कुजबूज आणि तास संपल्यावर शंका विचारायला दाराशी थांबलेली दोन-चार मुलं. जळगावला एम.एस्सी. करताना तो स्वतः असाच दाराशी थांबायचा. नेमणूक तासिका तत्त्वावरची होती, पण चाळीसगावला घरी त्याने ते फारसं फोडून सांगितलं नाही. देवपुरात खोली घेतली आणि पहिल्या तासाची तयारी मात्र अशी केली, जणू आयुष्यात एकच तास घ्यायचा आहे.

पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर शंभरावर नावं होती. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मुलं आली. दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा उरली. जुने प्राध्यापक म्हणाले, हे असंच असतं, प्रवेश घेतात आणि क्लासला जातात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. योगराजने मनाला लावून घेतलंच. पोळ्याच्या सुट्टीनंतर तो सकाळी आला, तर प्रयोगशाळेतले वना नाना जिन्यातच भेटले.

"सर, एक पोर बठेल शे वर्गमा," ते म्हणाले. "बाकी कोनी नही."

योगराज वर गेला तो तिला परत पाठवायचं ठरवूनच. एका मुलीसमोर फळ्यावर लिहीत उभं राहायचं म्हणजे हसू करून घेणं. पहिल्या बाकावर हिरव्या ओढणीतली एक किरकोळ मुलगी वही उघडून बसली होती. तिचं नाव माहेनूर. सोनगीरची, वडील भांड्यांना कल्हई लावणारे. तो म्हणाला, आज कुणी नाही, तू ग्रंथालयात बस, पुढचं उद्या बघू.

ती उठली नाही. जराशा घाबऱ्या, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, मी शिकायला आले. मी आहे ना."

 योगराजने खुर्ची ओढून बाकासमोर घेतली आणि खोडाची रचना शिकवायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द आला की तिची लेखणी अडखळायची, हे एवढ्या जवळून त्याला पहिल्यांदाच दिसलं. शंभर जणांच्या वर्गात ते कधीच दिसलं नसतं. मग तो आधी मराठीत सांगू लागला, नंतर इंग्रजी शब्द देऊ लागला. बोलता बोलता त्याने सांगितलं, की केळीचं जे खोड आपण पाहतो ते खरं खोड नव्हेच. ती एकात एक गुंडाळलेल्या पानांची बुडखी असतात, खरं खोड जमिनीखाली असतं. माहेनूर लिहायची थांबली. जन्मभर केळी पाहत आलेल्या मुलीला कुणीतरी फसवल्यासारखा तिचा चेहरा झाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी एक मोटारसायकल उभी होती. मागे गोणपाटात गुंडाळलेलं केळीचं हातभर लांब, जाड खोड, पुढे केटररच्या पातेल्यांची चळत, आणि शेजारी माहेनूरचे वडील, गनीभाई. एसटीच्या कंडक्टरने खोड गाडीत घेऊ दिलं नव्हतं, म्हणून ते स्वतः घेऊन आले होते.

"सर, हे तुम्हीच मागवलंय ना?" गनीभाईंनी विचारलं.

योगराजने काही मागवलं नव्हतं. त्याने माहेनूरकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तो हो म्हणाला.

गनीभाईंचा चेहरा खुलला. मग थोडं पुढे येऊन त्यांनी हळूच विचारलं, "हिला वर्गात बसायला जागा तर मिळते ना? फार गर्दी असते म्हणते."

"पहिल्या बाकावर बसते," योगराज म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

गनीभाई गेल्यावर तिने आपण होऊन सांगितलं. बारावीत असताना तिला वाटायचं, कॉलेजचा वर्ग इतका भरत असेल की उशीर झाला तर उभं राहावं लागेल. म्हणून पहिल्या दिवशी तिने सोनगीरहून पहिली एसटी पकडली. वर्गात आली तर पंखासुद्धा बंद होता, आणि तास सुरू झाला तरी बहुतेक बाक रिकामेच राहिले. घरी आई, साबेराबी, रोज विचारायची, आज काय झालं? रिकाम्या वर्गाचं सांगितलं असतं तर घरचे म्हणाले असते, मग जातेस कशाला? म्हणून तिने आपल्या मनातलंच कॉलेज घरी सांगितलं. कुणी काय शंका विचारली, कोण हसलं, सगळं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. खोडाचा एकेक पापुद्रा सोलत राहिली.

बाकीची मुलं कुठे जातात हे योगराजने तिला सहज विचारलं होतं. तिने ते सहज घेतलं नाही. ती शोधायला गेली. कापडण्याची पुनम तिला सायकल स्टँडजवळच्या निंबाखाली सापडली, आणखी सात-आठ जणींबरोबर. त्यांच्या गावच्या गाड्या पोहोचेपर्यंत पहिला तास अर्धा होऊन जायचा. उशिरा आत जायची लाज वाटायची. आणि एकदा गेल्या तर सगळं इंग्रजीत, मागचंही कळलेलं नाही, मग पुढचं काय कळणार. कॉलेज आपल्याला झेपणारं नाही अशी प्रत्येकीने आपापल्या मनाशी समजूत करून घेतली होती.

माहेनूर त्यांच्यात जाऊन बसू लागली. पहिल्या तासाला जे शिकली ते निंबाखाली सांगू लागली. योगराजला हे पहिल्या मजल्याच्या खिडकीतून दिसलं. आधी तो चपापला. आपला तास आपल्याला सोडून झाडाखाली भरतोय हे कुणाला रुचेल? तो खाली गेला आणि स्टँडच्या भिंतीआड थांबला. ती दर दोन वाक्यांनी "सर म्हणाले" म्हणत होती. पुनमने काही विचारलं तेव्हा तिला उत्तर आलं नाही, तर म्हणाली, "उद्या विचारून सांगते. ते रागवत नाहीत."

त्याच दिवशी योगराज प्राचार्यांकडे गेला. पहिला तास पुढे ढकला म्हणाला. प्राचार्यांनी मान हलवली. दुपारी इमारत ज्युनिअर कॉलेजला लागते, वेळापत्रकाला हात लावता येणार नाही. योगराजने मग आपल्यापुरती वाट काढली. दहा वाजताच्या प्रात्यक्षिकात अर्धा वेळ तो सकाळचाच भाग पुन्हा शिकवू लागला. वना नाना कुरकुरत, पण बाक मांडून ठेवत. माहेनूर दोन्ही वेळा हजर असायची. दुसऱ्या वेळी मागे बसायची, पुढचे बाक निंबाखालच्या मुलींसाठी सोडून.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पंचविसेक मुलं येऊ लागली. वर्ग भरला असं कुणी म्हणणार नाही, पण सूक्ष्मदर्शकासाठी रांग लागू लागली, आणि एका सकाळी रांगेवरून पुनमचं आणि एका मुलाचं चांगलंच वाजलं. योगराज इतका खूश झाला की भांडण मिटवायचं विसरला.

सत्राचा निकाल लागला. वनस्पतिशास्त्रात माहेनूरला चांगले गुण होते, रसायनशास्त्राच्या पेपरात मात्र ती नापास झाली होती. योगराजला ते स्वतःचं अपयश वाटलं. समजूत घालायला चार वाक्यं जुळवून तो वर्गात गेला, पण तिनेच आधी विषय काढला.

"घरी सांगितलं सर, सगळं," ती म्हणाली. "नापास झाल्याचं आणि पहिल्या महिन्यातल्या रिकाम्या वर्गाचंही. अब्बांनी आधी हातातल्या पातेल्याची कल्हई पुरी केली. मग म्हणाले, एकटी बसायचीस तेव्हा नाही सोडलंस, मग आता कशाला सोडतेस?"

वही उघडता उघडता ती पुढे म्हणाली, "मला वाटायचं, कॉलेज तयार असतं, आपण फक्त जाऊन बसायचं. तसं नसतं."

दुसरं सत्र सुरू झालं तशी ती पुनमला घेऊन रसायनशास्त्राच्या चारुलता मॅडमकडे गेली. मागचं जे कळलं नाही ते पुन्हा शिकवाल का, म्हणून विचारायला. मॅडम प्राध्यापक कक्षात आल्या त्या थोड्या गोंधळूनच. योगराजजवळ बसून त्यांनी विचारलं, ही सोनगीरची मुलगी तुमच्या वर्गातली ना? कशी आहे?

योगराजला बरंच काही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "तिला उद्या बघू म्हणून पाठवू नका, मॅडम. ती उद्या खरंच येते."